दुरुस्तीआधी निदान: फर्मवेअर सांभाळण्याच्या विद्येची प्रस्तावना

विहिरीवरच्या पंपाचा ऑटो स्टार्टर, दूध संकलन केंद्रावरचे फॅट मशीन, घरातले वीजमीटर, मोटारीतली एअरबॅग आणि रुग्णालयातला इन्फ्यूजन पंप यांची कामे एकमेकांपासून फार लांबची आहेत. पण या सगळ्यांच्या पोटात एकाच जातीची चिप बसलेली असते. प्रोसेसर, मेमरी, टायमर आणि बाहेरच्या तारांशी बोलणाऱ्या पिना एकाच तुकड्यावर सामावणाऱ्या या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात आणि तिच्यात कायम वस्तीला असलेल्या कोडला फर्मवेअर. अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ मासिकात हा शब्द वापरला, तेव्हा त्यांना प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड अभिप्रेत होता. पुढे अर्थ रुंदावत गेला. आज यंत्रात बसवलेला, यंत्रासोबत विकला जाणारा आणि वापरणाऱ्याला कधीच न दिसणारा कोड, असा त्याचा रूढ अर्थ आहे.

हा कोड लिहिणे हे एक काम आणि तो वर्षानुवर्षे सांभाळणे हे दुसरे. अभ्यासक्रमांत पहिले शिकवले जाते, नोकरीत बहुधा दुसरे वाट्याला येते. एखादे यंत्र दहा-पंधरा वर्षे बाजारात राहते. त्या काळात मूळ कोड लिहिणारे निघून जातात, सेन्सरचे उत्पादन बंद पडते, कंपायलरची आवृत्ती बदलते, ग्राहकांच्या तक्रारी साचतात. मग कोणीतरी तो जुना प्रकल्प उघडतो आणि त्याला दुसऱ्याच्या डोक्यातला विचार कागदपत्रांशिवाय वाचावा लागतो. ई. बी. स्वॉन्सन यांनी १९७६ साली सॉफ्टवेअरच्या देखभालीचे तीन प्रकार सांगितले: चूक काढणारी, बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणारी आणि गुणवत्ता वाढवणारी. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात प्रतिबंधक देखभालीची भर पडली. मेयर लेहमन यांनी त्याच दशकात दाखवून दिले की वापरात असलेल्या सॉफ्टवेअरला बदलत राहावेच लागते आणि मुद्दाम प्रयत्न केला नाही तर प्रत्येक बदलाने त्याचा गुंता वाढतो. फर्मवेअरमध्ये हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. बंद पडलेल्या सेन्सरच्या जागी नवा बसवणे हे जुळवून घेण्याचे काम; पण नवा सेन्सर दोन मिलिसेकंद उशिरा उत्तर देतो आणि त्या उशिरामुळे पाच वर्षे झोपलेली चूक जागी होते.

साध्या संगणकावरच्या प्रोग्रॅमपेक्षा ही देखभाल अवघड का, याची कारणे चिपच्या स्वभावात आहेत. पहिली अडचण जागेची. अर्डुइनो बोर्डावरच्या एटमेगा ३२८पी या प्रसिद्ध चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि अवघी २ किलोबाइट रॅम आहे. ही प्रस्तावनासुद्धा त्या रॅममध्ये मावणार नाही. दुसरी अडचण वेळेची. फिरती मोटर कोडसाठी थांबत नाही, त्यामुळे बरोबर उत्तर उशिरा देणे हीसुद्धा चूकच ठरते. तिसरी अडचण विजेची. सैल जोड, रिलेचा झटका किंवा क्षणभर पडलेला व्होल्टेज यांमुळे निर्दोष कोडही भरकटतो आणि सदोष कोडाचा दोष विजेच्या माथी मारता येतो. चौथी अडचण दिसण्याची. अशा यंत्राला बहुधा पडदा नसतो आणि असला तरी ते त्यावर चूक लिहून दाखवत नाही. डीबगरने कोड मधेच थांबवावा, तर मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर आहे त्या स्थितीत अडकून जळू शकतात. तपासणीच तपासायच्या वस्तूला बदलते, ही या क्षेत्रातली रोजची गोष्ट आहे.

या विद्येचा इतिहास म्हणजे चूक सुधारण्याच्या किमतीचा इतिहास आहे. इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ साली आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा एकाच चिपवरचा मायक्रोकंट्रोलर १९७४ साली बाजारात आला. इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ मध्ये ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम होती. भारतातल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या याच चिपवर शिकल्या. त्या काळात मोठ्या उत्पादनासाठी कोड मास्क रॉममध्ये, म्हणजे चिप घडतानाच तिच्यात कोरला जाई. एक चूक राहिली तर सगळ्या चिपा टाकून द्याव्या लागत, म्हणून कागदावरची तपासणी कमालीची कसून होई. डॉव्ह फ्रोहमन यांनी इंटेलमध्ये १९७१ साली शोधलेल्या ईप्रॉमने थोडी सुटका केली. काचेच्या खिडकीची ती चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवली की कोरी होई आणि पुन्हा भरता येई. फुजिओ मासुओका यांनी तोशिबामध्ये फ्लॅश मेमरी शोधली आणि १९८४ साली ती जगासमोर मांडली. १९९० च्या दशकात ती मायक्रोकंट्रोलरमध्ये रुळली आणि चिप बोर्डावरून न काढता काही सेकंदांत कोड बदलू लागला. नंतर वायरलेस अपडेटने विकलेले यंत्रही आवाक्यात आणले. प्रत्येक टप्प्यावर दुरुस्ती स्वस्त झाली, तशी ‘नंतर बघू’ ही वृत्तीही वाढली. दुरुस्ती सोपी झाल्याने निदान मात्र सोपे झालेले नाही.

फर्मवेअरमधल्या चुकांची काही ठळक घराणी सांगता येतात. पहिले घराणे संख्यांच्या मर्यादेचे. ३२ बिटांच्या मोजणीत मिलिसेकंद साठवले तर सुमारे ४९.७ दिवसांनी ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. प्रयोगशाळेत यंत्र कधी पन्नास दिवस सलग चालत नाही. शेतावर, कारखान्यात चालते. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला, तो याच घराण्यातला. विमानाची जनित्र नियंत्रण युनिटे सलग २४८ दिवस चालू राहिली, तर त्यांच्यातली मोजणी ओसंडते आणि सगळी एसी वीज जाऊ शकते. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजणारा, चिन्हासहित ३२ बिटांचा आकडा सुमारे २४८ दिवसांनीच भरतो.

दुसरे घराणे एकाच वेळी दोघांनी एका गोष्टीला हात लावण्याचे. आठ बिटांची चिप सोळा बिटांची संख्या दोन तुकड्यांत वाचते. मोजणी २५५ वर असताना मुख्य कोडने खालचा तुकडा वाचला आणि त्याच क्षणी इंटरप्टने ती २५६ केली, तर वरचा तुकडा नवा मिळतो आणि हाती येतो ५११ हा आकडा, जो कधी अस्तित्वातच नव्हता. असे लाखात एकदा घडते. तिसरे घराणे मेमरीचे. स्टॅक वाढत जाऊन शेजारच्या चलांवर चढतो, किंवा एखादा पॉइंटर भलतीकडे लिहितो. नुकसान एका फाइलमध्ये होते आणि लक्षण दुसऱ्याच फाइलमध्ये दिसते. अशा वेळी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी धाडण्याचा प्रकार हमखास घडतो. चौथे घराणे कंपायलरविषयीच्या गैरसमजाचे. इंटरप्टमध्ये बदलणारे चल ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर केले नाही, तर कंपायलर ते एकदाच वाचून पुढे जाऊ शकतो आणि ऑप्टिमायझेशन वाढवताच चालता कोड थबकतो. पाचवे घराणे खुद्द चिपचे. निर्माते आपल्या चिपमधले दोष ‘एराटा’ नावाच्या पत्रकात छापतात. ते न वाचता कोडमध्ये चूक शोधत बसणाऱ्यांचे आठवडे वाया जातात.

चुकीचे घराणे ओळखण्याआधीच उपचार केला तर काय होते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे आहे. ते यंत्र मायक्रोकंट्रोलरवर चालत नव्हते, पीडीपी-११ या लघुसंगणकावर चालत होते. पण त्याचा धडा या क्षेत्राचा पाया आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड मात्रेत किरण दिले आणि त्यांतले काही दगावले. जुलै १९८५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला झालेल्या अपघातानंतर उत्पादकाला बिघाड पुन्हा घडवून पाहता आला नाही. संशय एका मायक्रोस्विचवर गेला, त्यात फेरबदल झाले आणि यंत्राची सुरक्षितता कैक पटींनी वाढल्याचे सांगण्यात आले. अपघात थांबले नाहीत. पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अभ्यासात कारणे स्पष्ट झाली. त्यांतले एक होते एका बाइटचे चल. प्रत्येक फेरीत त्यात एक मिळवला जाई. दर २५६ व्या फेरीला ते शून्य होई आणि शून्य म्हणजे ‘सर्व ठीक’ असा अर्थ घेऊन कोड एक महत्त्वाची तपासणी गाळून टाकी. मिळवण्याऐवजी एक ठरावीक शून्येतर आकडा लिहिणे, एवढीच त्या चुकीची दुरुस्ती होती.

याच्या उलट उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले मार्स पाथफाइंडर यान काही दिवसांतच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागले. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी घाईने काहीही पाठवले नाही. हुबेहूब प्रतिकृतीवर नोंदी चालू ठेवून तोच बिघाड त्यांनी घडवून आणला. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी अग्रक्रमाचे काम एक सामायिक कुलूप धरून बसे. मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. परिणामी त्याच कुलुपाची वाट पाहणारे तातडीचे काम अडून राही आणि ते वेळेत झाले नाही असे दिसताच सगळी व्यवस्था रीसेट होई. व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत यावर उपाय आधीच होता, त्या कुलुपासाठी तो बंद ठेवलेला होता. तो चालू करणारा छोटा बदल यानाला पाठवला गेला आणि रीसेट थांबले. थेरॅकच्या बाबतीत आधी उपाय झाला आणि कारण नंतर सापडले. पाथफाइंडरच्या बाबतीत कारण आधी सापडले. दोन्ही ठिकाणच्या या चुकांची दुरुस्ती काही ओळींत मावणारी होती. फरक निदानाचा होता.

निदानाच्या या कामाकडे पाहण्याच्या चार परंपरा गेल्या पन्नास वर्षांत तयार झाल्या. पहिली मोजमापाची, म्हणजे वर्कबेंचवरची. ऑसिलोस्कोप, लॉजिक अ‍ॅनालायझर आणि १९९० साली मानक झालेल्या जेटॅगसारख्या जोडण्या ही तिची हत्यारे. एक मोकळी पिन इंटरप्टच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करून तो किती वेळ चालतो हे स्कोपवर पाहणे, किंवा सुरुवातीलाच स्टॅकची जागा ठरावीक आकड्याने भरून नंतर ती कुठवर पुसली गेली ते मोजणे, या तिच्या साध्या पण अचूक युक्त्या. दुसरी परंपरा शिस्तीची. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून १९९८ साली आलेल्या मिस्रा सी नियमांनी सी भाषेतल्या धोकादायक वाटा बंद केल्या. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली दहाच नियम सांगितले: रिकर्शन नको, प्रत्येक लूपला ठाम वरची मर्यादा हवी, सुरुवातीनंतर नवी मेमरी मागू नये, अशा धर्तीचे. या नियमांचे पालन झाले की नाही हे तपासणारी साधने कोड न चालवताच चुका दाखवतात.

तिसरी परंपरा चाचण्यांची. मायकेल फेदर्स यांनी २००४ साली चाचण्या नसलेल्या कोडालाच ‘लेगसी’ म्हटले, जेम्स ग्रेनिंग यांनी २०११ साली चाचणीआधारित पद्धत एम्बेडेड सी भाषेसाठी मांडली. हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला की उरलेला तर्क साध्या संगणकावर सेकंदात तपासता येतो. राहिलेला भाग खऱ्या बोर्डाला नकली सेन्सर जोडून तपासतात. चौथी परंपरा रचनेची आणि भाषेची. २००३ साली आलेल्या फ्रीआरटॉससारख्या छोट्या कार्यप्रणालींनी कामे वेगळी केली, तर २०१५ साली स्थिर झालेली रस्ट भाषा मेमरीच्या अनेक चुका कंपाइल होतानाच अडवते. या चारांपैकी एकही परंपरा एकटी पुरत नाही. मोजमाप वर्तमान सांगते, शिस्त आणि भाषा पुढच्या चुका कमी करतात, चाचण्या जुनी चूक परत येऊ देत नाहीत. हाती आलेल्या दहा वर्षे जुन्या कोडापुढे मात्र सुरुवात मोजमापानेच करावी लागते, कारण बाकीच्या तिन्ही गोष्टी तो कोड लिहिताना बहुधा झालेल्याच नसतात.

चूक सापडल्यावरही काम संपत नाही. ती दुरुस्ती यंत्रापर्यंत सुखरूप पोहोचवावी लागते. अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. म्हणून बूटलोडर हा छोटा, क्वचितच बदलणारा कोड वेगळा ठेवतात. नवी प्रत दुसऱ्या जागेत उतरवून तिची चेकसम आणि डिजिटल सही तपासतात, ती नीट सुरू झाली तरच जुनी सोडतात, नाहीतर मागे फिरतात. जबाबदारी किती असते हे २०१७ साली दिसले. अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरच्या फर्मवेअरमध्ये सुरक्षेसाठी बदल करायचा होता. ते रुग्णांच्या शरीरात होते आणि अपडेटसाठी रुग्णाला दवाखान्यात यावे लागे. अपडेट चालू असताना पेसमेकर राखीव अवस्थेत जाऊन मिनिटाला ६७ ठोक्यांच्या गतीने हृदय चालवत राही. बदल होत असतानाही यंत्राने आपले मूळ कर्तव्य सोडू नये, हा नियम इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

आज या विद्येचे महत्त्व वाढण्याची कारणे ठोस आहेत. यंत्रे नेटवर्कला जोडली गेली आणि जुन्या चुका दूरच्या माणसाच्या हाती लागल्या. २०१५ साली दोन संशोधकांनी एका जीपचा ताबा दुरून घेऊन दाखवला आणि सुमारे १४ लाख गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करावी लागली. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर वेठीला धरले. कायदाही मागे राहिलेला नाही. वाहनांची सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवरचे संयुक्त राष्ट्रांचे नियम २०२० साली संमत झाले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. यंत्राचे अपेक्षित आयुष्यच कमी नसेल, तर निदान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे त्याने बंधनकारक केले आहे. त्याआधी २०२० ते २०२२ च्या चिपटंचाईने आणखी एक धडा दिला: हवी ती चिप मिळेना, तेव्हा जुना कोड दुसऱ्या चिपवर नेण्याची वेळ अनेक कारखान्यांवर आली आणि ज्यांनी हार्डवेअरचा भाग वेगळा ठेवला होता, त्यांचे काम हलके झाले.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध थेट आहे. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यात आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात, हिंजवडीत वाहनांचे सॉफ्टवेअर लिहिले जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी प्रत्येक नव्या गाडीतल्या इंजिन-नियंत्रक कोडाची जबाबदारी वाढवली. लघुउद्योगांत तयार होणारे स्टार्टर, वजनकाटे आणि ठिबक सिंचनाचे नियंत्रक ग्रामीण भागातल्या अस्थिर विजेवर चालतात. तिथे व्होल्टेज पडल्यावर चिप अर्धवट शुद्धीत कोड चालवू नये म्हणून ब्राउनआउट रीसेट योग्य पातळीवर लावलेला असणे, हा पाठ्यपुस्तकातला तपशील राहत नाही. मोटर जळते की वाचते, हे त्यावर ठरते. असे उद्योग चालवणारे अनेकजण, त्यांचे तंत्रज्ञ आणि पदविका अभ्यासक्रमाचे विद्यार्थी मराठीत विचार करतात. त्यांच्या भाषेत या विषयाचे सलग विवेचन हाताशी असणे गरजेचे आहे.

प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न तोच आहे. सी भाषेची तोंडओळख आणि एखादा बोर्ड हाताळल्याचा अनुभव एवढीच अपेक्षा वाचकाकडून आहे. पुस्तक कोणत्याही एका कंपनीच्या चिपला बांधलेले नाही. उदाहरणे आठ बिटांच्या आणि ३२ बिटांच्या अशा दोन्ही प्रकारच्या मायक्रोकंट्रोलरवर बेतलेली आहेत. ‘इंटरप्ट’, ‘स्टॅक’, ‘वॉचडॉग’ हे वर्कबेंचवर रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत, कारण डेटाशीट उघडल्यावर वाचकाला तेच भेटणार आहेत. सर्व विवेचनाला एकच क्रम आहे: आधी लक्षणाची नोंद, मग बिघाड पुन्हा घडवणे, मग कारण, मग एका वेळी एकच बदल, मग जुनी चूक परत येणार नाही अशी चाचणी आणि शेवटी पुढच्या माणसासाठी लिहिलेली टिप्पणी. नवा कोड सुरुवातीपासून कसा लिहावा, हे शिकवणे या पुस्तकाचा उद्देश नाही.

त्या शेवटच्या टिप्पणीचे मोल किती, हे व्हॉयेजर-१ सांगते. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेल्या या यानाकडून नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक माहिती येऊ लागली. त्याच्या एका संगणकातली मेमरीची एक चिप निकामी झाली होती. दशकांपूर्वीची कागदपत्रे वाचून अभियंत्यांनी बिघडलेल्या भागातला कोड ओळखला. तो एकसंध मावेल अशी जागा उरली नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या ठिकाणी बसवले आणि परस्परांशी जोडले. तेव्हा आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच तास लागत. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. मूळ कोड लिहिणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या कागदांवाचून हे घडले नसते. ज्याच्या हाती आज एखाद्या यंत्राचे फर्मवेअर आहे, त्याने दुरुस्तीइतकीच काळजी तिच्या कारणाच्या नोंदीची घ्यावी. ती वाचणारा माणूस कदाचित अजून जन्मलेलाही नसेल.